मन्नूची तयारी

हातात रिपोर्ट घेऊन बसलेल्या बाईला कुणी काही सांगू नये, असं माझं मत आहे. तिला ऐकूच येत नाही. मलाही येत नव्हतं. लोक बोलत होते आणि मी नुसती मान हलवत होते. म्हणून हे लिहून ठेवते. वाचावंसं वाटेल तेव्हा वाचा, मध्येच कंटाळा आला तर बाजूला ठेवा. मला राग येणार नाही. खरं तर राग मला लवकरच येतो, पण तुम्ही समोर नाही आहात.

मी सुमन. नागपूरच्या एका मिशनच्या शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवण्यात माझी उमर गेली. नवरा रेल्वेत होता, तो प्रभूकडे गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. घरात मी आणि माझा मुलगा मन्नू. त्याचं बाप्तिस्म्याचं नाव इम्मानुएल आहे, पण ते त्याला म्हणता येत नाही. तिशी ओलांडली, दाढी येते, आणि समज लहान लेकराची. हल्ली अशा लेकरांना 'विशेष' म्हणतात. म्हणा बापा. विशेष म्हटल्याने त्याच्या पायजम्याची नाडी बांधायची काही चुकत नाही.

दर बुधवारी आमच्या पुढच्या खोलीत बायकांची प्रार्थना भरते आणि ती मी चालवते. माझा विषय एकच, शेवटला काळ. प्रभू पुन्हा येईल, कर्णा वाजेल, आणि जे तयार असतील त्यांना तो एका क्षणात उचलून घेईल. भिंतीवर मोठा कापडी तक्ता टांगलेला आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले सात शिक्के, सात कर्णे, सगळं मीच रंगवलेलं, शाळेतून उरलेल्या रंगांनी. कुठे भूकंप झाला, कुठे लढाई पेटली की बायकांचे फोन सुरू होतात, "बाई, हे तक्त्यात कुठी बसते?" मी सांगते. प्रार्थना संपली की आम्ही सगळ्याजणी हात वर करून म्हणतो, "ये प्रभू, लवकर ये!" माझा आवाज सगळ्यात मोठा. शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवतात.

धरमपेठेतला दवाखाना

अंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. दुखत नव्हती म्हणून मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. दुखत नाही ते चांगलं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं, एवढं मात्र ध्यानात ठेवा. बाकी डॉक्टरकी मला येत नाही.

धरमपेठेतल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता, त्याचं उत्तर घ्यायला मी गेले होते. मन्नू सोबत होता, कारण मन्नू नेहमीच सोबत असतो. बाजारात, चर्चमध्ये, बँकेत, मयतीला, माझ्या पदराचं टोक मुठीत धरून. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "सोबत दुसरं कोणी नाही आलं का?"

"हा आहे ना," मी म्हटलं.

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, गाठ चांगली नाही, कॅन्सर आहे. आधी किमो द्यायचं, मग ऑपरेशन, मग सिकाई, म्हणजे रेडिएशन. वेळेत आलात, घाबरू नका.

आता मजा ऐका. मरण म्हणजे काय, प्रभूच्या भेटीला कसं उभं राहायचं, हे मी बायकांना घसा कोरडा होईस्तोवर शिकवलेलं. मला वाटायचं, असा दिवस आलाच तर मी ताठ मानेने ऐकून घेईन आणि 'प्रभूचं स्तोत्र असो' म्हणेन. प्रत्यक्षात डोक्यात एकच आलं : आज मन्नूला जेवू कोण घालेल? अगं बाई, तूच घालणार आहेस की! लगेच थोडीच मरून राहिली तू? पण डोकं ऐकेना. तेच तेच फिरत राहिलं, मन्नू जेवेल कसा, मन्नू झोपेल कुठे.

खाली उतरलो तर मन्नूला समोसा हवा होता. घेऊन दिला. तो फुटपाथवर उभा राहून खात होता, हनुवटीवर चटणी, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. आणि मला राग आला. देवाचा. लिहायला कशाला घाबरू? त्याला तेव्हाच कळलं होतं.

त्या बुधवारी मी प्रार्थना चालवली. शेवटी सगळ्यांचे हात वर गेले, माझाही गेला, तोंडही उघडलं. आवाज आला नाही.

"बाई, गळा बसला काय?" शीलाने विचारलं. ती आमच्या संगतीतली माझा उजवा हात.

"हाव," मी म्हटलं. चक्क खोटं.

दार

किमोच्या खोलीत ओळीने आडव्या खुर्च्या असतात. हाताला सुई, वर बाटली, आणि समोरच्या भिंतीवर घड्याळ. ते घड्याळ कुणी लावलं त्याला एकदा भेटायचं आहे मला. सोबतच्या माणसांना आत येऊ देत नाहीत. मन्नूला मी बाहेर शीलाजवळ बसवलं होतं, हातात बिस्किटाचा पुडा देऊन.

आधी साधी सलाईन लावली. खरं औषध त्यानंतर सोडणार होते. तेवढ्यात दारावर धाडधाड आवाज सुरू झाला. "आई! आई!" मन्नू रडत नव्हता, गर्जत होता. दोन्ही तळहातांनी दार बडवत होता. चौकीदाराने त्याचा हात धरला, तर त्याने चौकीदाराला चावा घेतला. शीला नुसती "येशू, येशू" करत होती. मी सुई उपटली. रक्ताची धार पातळावर, सिस्टर ओरडते आहे, आणि मी दार उघडून बाहेर. मन्नूने पदर पकडला आणि एकदम गप्प झाला, जसं काही झालंच नाही. आम्ही रिक्षात बसून घरी आलो.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "असं नाही चालणार, मॅडम. मुलाची व्यवस्था करा, मग या. पण उशीर करू नका. गाठ थांबत नाही."

व्यवस्था! जन्मल्यापासून जो माझ्यावाचून राहिला नाही, त्याची व्यवस्था. तो सोडत नाही तोवर औषध नाही, आणि औषध नाही तर त्याला कायमचं सोडून जाणं आहे. घरात मी येरझारा घालत होते आणि मन्नू माझ्या मागे मागे. मी वळले की तो वळायचा.

शीला म्हणाली, "बाई, देवाचाच इशारा असंन हा. औषध नोका घेऊ. आपण सगळ्या उपास करू."

"तुह्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तवा कोणी उपास केला होता वं?" मी म्हटलं. ती फुगून निघून गेली. दुसऱ्या दिवशी वरण-भाताचा डबा घेऊन हजर, भातावर तुपाची धार सोडलेली. आमच्या बायका अशाच आहेत. बोलतात चूक, पण जेवू घालतात बरोबर. आजारपणात अशांना घराबाहेर काढू नका.

कोमट

विमलताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सक्करदऱ्याला राहतात. पुढे भाऊजींची पिठाची चक्की, मागे घर. ते दोघं जुन्या मोठ्या चर्चला जातात. तिथे ऑर्गन वाजतो, उपदेश वेळेवर संपतो, आणि लोक घरी जाऊन मटण खातात. शेवटल्या काळाचं नाव काढलं की विमलताई म्हणायच्या, "हाव, हाव, होईन ते." मी त्यांना मनात 'कोमट' म्हणायची. ना ऊन ना थंड, अशा माणसाला आमच्यात हा शब्द आहे आणि तो चांगला नाही.

फार वर्षांपूर्वी त्या म्हणाल्या होत्या, शनिवारचा मन्नूले माह्याकडे देत जा, चक्कीवर बसंन, चार माणसं पाहीन. मी नाही म्हटलं होतं. का, ते आता सांगते.

दवाखान्यातली गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि त्या आल्या. दारातच सुरुवात.

"काहून वं सुमन, सुई उपटून आली म्हणे?"

"हाव."

"मरायचं आहे काय तुले?"

"ताई, मले मरणाची भीती नाही." सवयीने निघून गेलं तोंडातून.

"तुले नसंन. पण तू गेल्यावर हा कोठी जाईन?" मन्नू माझ्या पदराशी बसला होता, त्याच्याकडे त्यांनी बोट केलं. "जनमभर तयारी तयारी म्हणून राहिली. या पोट्ट्याची काय तयारी केली, सांग मले."

मग जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. प्रभू माझ्या हयातीत येणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. कर्णा वाजेल आणि मी आणि मन्नू सोबत जाऊ. तिथे त्याची समज पुरी होईल, स्वतःचं नाव त्याला म्हणता येईल. मन्नूसारख्यांच्या आया काय मागतात ठाऊक आहे? देवा, माझ्या एक दिवस आधी याला ने. असं मागताना त्यांचं काय होत असेल ते त्यांनाच माहीत. मला ते मागावंच लागलं नाही. माझ्याजवळ दुसरा रस्ता होता. मी इतकी निश्चिंत होते की त्याला नाडी बांधायला शिकवलं नाही, ताट वाढून घ्यायला शिकवलं नाही, दुसऱ्याच्या घरी झोपायला शिकवलं नाही. काय गरज? विम्याचा एजंट आला तेव्हा त्यालाही मी हसून परत पाठवलं होतं, म्हटलं, भाऊ, तुमची मुदत भरायच्या आत प्रभू येतो. बुधवारी मी जे ओरडायची ना, ये प्रभू, लवकर ये, ते एवढ्यासाठी होतं. आणि आता प्रभूच्या आधी गाठ आली होती. मी एकटी जाणार होते.

विमलताईंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील.

"येईन तो," त्या म्हणाल्या. "मी कुठी नाई म्हणून राहिली? येईन तवा येईन. पण तोवर याले भूक लागते का नाई? उद्यापासून आणून सोड चक्कीवर. अन् तू लपून पाहत बसू नोको, घरी जाय."

मग शीलाचा उरलेला वरण-भात खाऊन त्या गेल्या.

चक्कीवरची शाळा

मी लपून पाहिलंच. समोरच्या पानठेल्याआड उभी राहिले. मन्नू रस्त्यावर आडवा पडला होता. पाय झाडत होता, ज्वारीचं एक अख्खं पोतं त्याने लवंडलं. दळण घेऊन आलेल्या बायका ओरडत होत्या. माझा पाय पुढे पडणार तेवढ्यात विमलताईंनी रस्त्यापलीकडून मला पाहिलं आणि असे डोळे वटारले की मी पहिलीतल्या पोरीसारखी पळाले.

घरी जाऊन फोन. चक्कीचा तो घरघराट.

"भाऊजी, मन्नू जेवला काय?"

"हाव, बाजरी झाली!"

"मन्नू! मन्नू जेवला काय?"

"घेऊन जा, झाली!"

भाऊजींचे कान चक्कीने कधीच खाल्ले आहेत. मी पुन्हा फोन लावायची. पुन्हा बाजरी. पाय एका जागी ठरत नव्हते. धुतलेली भांडी पुन्हा धुतली. खुंटीवरचे त्याचे शर्ट काढून घड्या केल्या आणि परत टांगले.

भाऊजी बोलत नाहीत, पण माणूस ओळखतात. त्यांनी मन्नूला समजावलं नाही, काही नाही. त्याच्या हातात एक डबा दिला आणि सांगितलं, "धर." मन्नूने धरला. मग दुसरा दिला. चक्कीवर प्रत्येक घरचा डबा वेगळा असतो, कुणाचा कडीचा, कुणाचा पोचा पडलेला, कुणाच्या झाकणाला सुतळी. मन्नूला अक्षर येत नाही. पण कोणता डबा कोणत्या बाईचा, हे त्याच्या डोक्यात असं बसलं की बाई दारात दिसली की तो तिचा डबा उचलायचा. चूक नाही व्हायची. विमलताईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, कौतुकाने सांगून राहिल्या. मग एकदा डोळ्यांनी पाहिलं. मी त्याला इतकी वर्षं पदराला धरून फिरवत होते आणि त्याच्या डोक्यात एवढी जागा रिकामी पडली होती.

घरी नाडीची शिकवणी सुरू केली. इतक्या पोरांना मी अक्षरं शिकवली, पण ही नाडी! तो एक फास करायचा आणि दुसरा ओढून पहिला सोडायचा. मी चिडायची. एकदा हातावर चापटही मारली. मग दोघंही रडलो, तो चापटीने आणि मी चापट मारली म्हणून. या दिवसांत आपण चांगले वागू अशी अपेक्षा स्वतःकडून ठेवू नका. अंगात त्राण नसतं आणि चांगुलपणाला त्राण लागतं.

किमो एकदाचं सुरू झालं. उलट्या, तोंडात फोड. नागपुरात राहून संत्र्याची फोड तोंडात धरवेना. केस उशीवर राहू लागले तेव्हा मी सगळेच काढून टाकले. मन्नूने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि खदखदून हसला. "आई टक्कल!" येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा. बाकी सगळे माझ्या डोक्याकडे न बघता बोलायचे, हा एकटाच खरं बोलत होता. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

पुढे त्याला तिथे झोपायला ठेवलं, कारण औषधानंतर मला उठवत नसे. विमलताईंनी माझं एक जुनं पातळ मागून घेतलं होतं. ते उशाशी घेऊन तो झोपला, असं त्यांनी सकाळी कळवलं. माझ्या उशाशी काही नव्हतं. मी नाही झोपले.

दहाही जणी

किमोच्या खुर्चीत हात अडकलेला असतो, पाय अडकलेले असतात, फक्त डोकं मोकळं. ते उनाड ढोरासारखं कुठेही शिरतं. एका दुपारी दहा कुमारींच्या दाखल्यात शिरलं. आमच्यातला प्रसिद्ध दाखला आहे, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा. दहा मुली दिवे घेऊन नवरदेवाची वाट पाहत असतात. पाच शहाण्या, त्यांनी जादा तेल आणलेलं. पाच मूर्ख, त्यांनी नाही आणलेलं. नवरदेव उशिरा येतो आणि मूर्ख बाहेर राहतात. किती वेळा शिकवला असेल मी! आणि दर वेळी बायकांना दटावायची, झोपू नका, झोपलात की गेलात.

आणि त्या खुर्चीत माझ्या लक्षात आलं की दाखल्यात दहाही जणी झोपतात. शहाण्याही झोपतात! आणि नवरदेव त्यांना एका शब्दाने बोलत नाही. तेल आधीच भरून ठेवलं होतं, म्हणून झोपल्या. मी मात्र इतकी वर्षं डोळे ताणून आभाळाकडे पाहत बसले होते आणि घरातलं भांडं कोरडं.

शेजारच्या खुर्चीत महाल भागातल्या एक बाई असायच्या, बौद्ध. गोड स्वभावाच्या, पण बाटली संपेपर्यंत माझ्या तोंडाची टकळी ऐकायला त्यांना दुसरा इलाजही नव्हता. त्यांना मी हे सगळं सांगितलं.

"बरोबरच आहे ना बाई," त्या म्हणाल्या. "लग्नाघरी ज्या बाईचं सामान भरून झालं असते, तीच झोपते. बाकीच्या रातभर खटपट करत राहतात."

मी काहीतरी उत्तर देणार होते. त्याच्या आधीच झोप लागली. सिस्टरने हलवून उठवलं, "झालं, मावशी, उठा." त्या घड्याळाकडे मी त्या दिवशी पाहिलंच नव्हतं.

बुधवारी बायकांना हे सांगितलं. शीला बिथरली. "मंग जागं राहायचंच नाई काय, बाई?" राहायचं ना वं, पण हाताला काम ठेवून. कुणाला पटलं, कुणाला नाही. दोघीजणी यायच्या बंद झाल्या, बाई थंड पडल्या म्हणे. कोमटच म्हणाल्या असतील. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, त्यातल्या एकीला मी हाताला धरून प्रार्थना शिकवली होती. तक्ता अजून भिंतीवर आहे. मी त्यातला एक शब्द पुसलेला नाही, माझा विश्वास तोच आहे. 'ये प्रभू' आताही म्हणते, आवाज पुन्हा फुटला आहे. फक्त मनात जोडते, येच, पण जरा दमाने ये, नाडी अजून नीट बसत नाही.

गाय

शेवटचं किमो झालं आणि ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी मला दम खायला थोडे दिवस दिले. मी ठरवलं, हे दिवस मन्नूला घरी आणायचं. त्याच्या आवडीची बेसन-भाकर करून ठेवली, पलंगावर धुतलेली चादर घातली. दुपारी ऑटो करून सक्करदऱ्याला गेले. ऑटोवाल्याला म्हटलं, थांबा, पोराला घेऊन लगेच येते.

चक्की बंद होती. दार सताड उघडं. आत कुणी नाही. पीठ पडतं तिथे खाली अर्धा भरलेला डबा तसाच, हवेत अजून पिठाची धूळ. उंबऱ्यावर चपला अस्ताव्यस्त पडल्या होत्या, भाऊजींच्या, विमलताईंच्या, मन्नूच्या निळ्या. चहाच्या कपांवर साय धरलेली. मी मागच्या घरात जाऊन आले. कुणी नाही. समोरच्या शिंप्याच्या दुकानात पाहिलं, मशीनच्या सुईखाली कापड आणि खुर्ची रिकामी. अख्ख्या गल्लीत माणूस नाही.

"ताई!" मी हाका मारल्या. "मन्नू! मन्नू गा!"

तुम्हाला हसू येईल. पण आमच्या संगतीतल्या कुठल्याही बाईला विचारा. कधी ना कधी रिकामं घर पाहून प्रत्येकीच्या मनात तेच आलेलं आहे. झालं! प्रभू आला, सगळ्यांना उचलून नेलं, आणि मी राहिले.

मी तिथल्या गव्हाच्या पोत्यावर बसले. मन्नू गेला. भाऊजी गेले. विमलताईसुद्धा गेल्या, आणि तक्तेवाली सुमनबाई इथे पोत्यावर बसून आहे!

आणि खरं सांगते, सगळ्यात आधी भीती नाही वाटली. सुटल्यासारखं वाटलं. मन्नू पोचला. आता त्याला जेवू कोण घालेल, झोपवेल कोण, काही नाही. मी राहिले तर राहिले. "बरं झालं रे बापा," मी मोठ्याने म्हटलं. मनापासून म्हटलं. मग वाटलं, जाताना एकदा मला हाक मारली असेल का त्याने? तेव्हा मात्र मला रडू फुटलं. पदर तोंडात कोंबून मी रडत होते.

आणि कोपऱ्यावरून गलका आला. अख्खी गल्ली अनवाणी चालत येत होती, चिखलाने माखलेली. मागच्या रस्त्यावर नाली खोदून ठेवली होती, तीत गाय पडली होती, आणि सगळे हातचं काम टाकून तिला काढायला धावले होते. सगळ्यांच्या पुढे मन्नू, गळ्यापर्यंत चिखल, खांद्यावर दोर.

"गाय!" मला पाहून तो ओरडला. "आई, गाय काढली! मी!"

विमलताई पातळ खोचून मागून आल्या. "काहून वं, रडून काहून राहिली? डॉक्टरनं काही म्हटलं काय?"

"नाही. मी आले तं कोणीच नव्हतं. चपला इथंच. मले वाटलं..."

मी उंबऱ्याकडे बोट केलं. त्यांनी चपलांकडे पाहिलं, रिकाम्या दुकानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शेवटी त्याही चर्चमध्येच वाढलेल्या. सगळं उमगलं त्यांना.

"अगं माय!" त्या माझ्याशेजारी पोत्यावर टेकल्या. "म्हणजे मी पण वर गेली होती?"

"हाव. तुम्ही पण."

"अन् तू राहिली?"

"मी राहिले."

त्या इतक्या हसल्या की पोट धरावं लागलं. चिखलाच्या हाताने त्यांनी माझे डोळे पुसले, ते वेगळंच. मग मीही हसले. रडणं आणि हसणं एकातच मिसळलं होतं, काय चाललं आहे ते माझं मलाच कळेना.

तोवर मन्नू नळावर हातपाय धुऊन आला होता. भाऊजींनी चक्की सुरू केली. मी उठले.

"चल मन्नू, घरी जाऊ. बेसन केलं आहे."

"नाई."

"काहून?"

"डबे आहे," तो म्हणाला.

मी त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला. रागाने नाही. कामाच्या मध्ये लेकरू आलं की आपण त्याला बाजूला करतो ना, तसं त्याने मला बाजूला केलं. मग चक्कीच्या आवाजावरून ओरडला, "आई, उद्या ये!"

"अरे, आई घ्यायले आली तुले," विमलताई त्याच्यावर खेकसल्या. मी त्यांना हातानेच थांबवलं.

एकटीच बाहेर आले आणि ऑटोत बसले. वळणापर्यंत मी मागे पाहत होते. त्याने पाहिलं नाही. दारात एक बाई आली होती आणि तो तिच्या डोक्यावरचा डबा उतरवून घेत होता.

"काय झालं, माय?" ऑटोवाल्याने आरशातून विचारलं. "पोरगा येणार होता ना?"

"त्याले काम आहे," मी म्हटलं.